समुद्राचा पंडुम

चंद्रपूरच्या एप्रिलात फ्रीजशिवाय जेली ताठ उभी राहते, हे मला कळलं त्या दुपारी मी पातेलं हातात घेऊन अख्ख्या कॉलनीत धावत सुटले होते. दिसेल त्या दारात थांबायचं आणि पातेलं हलवून दाखवायचं. लोक उन्हाला कंटाळून पंख्याखाली, तोंडावर ओलं फडकं टाकून पडलेले, आणि ही पोरगी दार वाजवून म्हणते, बघा, हलते पण पडत नाही. दोन-तीन घरांतून मला सरळ हाकलून दिलं. मला त्याचं काही वाटलं नाही. मी तेव्हा विशीच्या उंबरठ्यावर होते आणि माझ्या अंगात केक आला होता. याला दुसरा शब्द माझ्याकडे आजही नाही.

आमचं घर म्हणजे कोळसा खाणीच्या वसाहतीतलं क्वार्टर. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात एक कडुनिंब. बाबा खाणीत कामाला. आजी आजारी होती म्हणून आई तो महिनाभर चिमूरला माहेरी गेलेली, त्यामुळे स्वयंपाकघर पूर्ण माझ्या ताब्यात. आई असती तर यातलं काहीच घडलं नसतं. तिच्या मते केक ही बेकरीवाल्यानं करायची गोष्ट होती, आणि तीसुद्धा दुसऱ्या कुणाच्या तरी वाढदिवसासाठी.

घरात आणखी एक जण होती, माझी मैत्रीण. ती माडिया आदिवासी, एटापल्लीच्याही पलीकडच्या जंगलातल्या गावची. आश्रमशाळेतून वर येत येत ती अकरावीला चंद्रपुरात माझ्या बाकावर येऊन बसली आणि मग उठलीच नाही. बारावीनंतर तिचं होस्टेल सुटलं तेव्हा बाबाच म्हणाले, आता कुठी जातेस, राहा इथीच. त्याला वर्ष झालं होतं. दिवसा ती एका दवाखान्यात मदतीला जायची, संध्याकाळी आम्ही दोघी अंगणात खाटेवर बसून पुढच्या जन्माएवढ्या गप्पा मारायचो. आणि त्या मार्चमध्ये, मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्सिंगच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली. तिच्यापेक्षा मीच जास्त नाचले. बाबांनी कॉलनीत पेढे वाटले. तिनं स्वतः तो पेढा नुसता हातात धरून ठेवला होता, हे मला नंतर आठवलं.

मग तिच्या मायनं नाही म्हटलं. एसटीच्या ड्रायव्हरकरवी निरोप आला आणि त्या निरोपात कारणही होतं. त्या गावात रान नाही. रान नाही तिथं माणूस खाईल काय?

मला हसू आलं होतं. मी म्हटलं, अगं, मुंबईत पावलापावलावर हॉटेलं आहेत, मेस आहे, बाजार आहे. मैत्रीण हसली नाही. ती म्हणाली, मायच्या हिशेबात विकत घेतलेलं अन्न म्हणजे आणीबाणीचं अन्न. कधीमधी हाटातून मीठ घ्यायचं, तेल घ्यायचं, पण पोट कशावर भरायचं तर जे हातानं वेचता येतं त्यावर. मोह, तेंदू, चारोळी, कंद, बांबूचा कोंब. उद्या हातात पैसा नसला तरी रान उभं असतं. जिथं वेचायला काहीच नाही तिथं आपली पोरगी उपाशी मरेल, आणि ते सांगायला कुणी गावात येणारसुद्धा नाही, ही तिची धास्ती होती. आणि मैत्रीण मायच्या शब्दाबाहेर जाणारी नव्हती. मी तिला भडकावून पाहिलं. तू सज्ञान आहेस, निघून जा, मी येते स्टेशनवर सोडायला. तिनं माझ्याकडे अशी काही नजर टाकली की मी पुढचं वाक्य गिळलं.

मग दुसरा निरोप आला. माय स्वतः येते आहे, पोरीला न्यायला. एक रात्र थांबेल, सकाळच्या गाडीनं दोघी परत जातील.

मला माडिया भाषा येत नव्हती. मायला हाटात लागेल तेवढंच मराठी येत होतं. तिला मी काय समजावणार, कपाळ? पण खाऊ घालता येत होतं. ती दमून येईल, तिच्यापुढे असं काहीतरी ठेवू की ते खाऊन तिला वाटलं पाहिजे, ही माणसं माझ्या पोरीला उपाशी ठेवणारी नाहीत. आता हा विचार किती भाबडा होता ते मला कळतं, पण तेव्हा मी त्या कल्पनेवर एवढी खूश झाले की लगेच मैदा चाळायला घेतला.

केक मला समोरच्या काकूनं शिकवला होता. काकू मद्रासच्याही खालची, समुद्रकाठी वाढलेली. नवऱ्याची नोकरी खाणीच्या ऑफिसात म्हणून ती आमच्या भट्टीत येऊन पडली होती. तिच्याकडे गोल अल्युमिनियमचा विजेचा ओव्हन होता, झाकणाला काच बसवलेला. त्या काचेतून केक फुगताना बघणं म्हणजे माझ्यासाठी सिनेमाच. काकू आमच्याशी हिंदीत बोलायची, तिची हिंदी तिची, आमची आमची, पण केकपुरतं सगळं कळायचं.

मैत्रिणीला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की मायसाठी केक करते आहे. ती म्हणाली, माय अंडं खाणार नाही. अंडं उबवायला असतं. बरं, मी म्हटलं, बिनअंड्याचा करू, दूध जरा जास्त घालू. ती म्हणाली, दूध तर अजिबातच नाही. ते वासराचं. आमच्या घरी गाई आहेत पण त्यांना कुणी पिळत नाही. म्हणजे लोणी नाही, तूप नाही, साय नाही, दही नाही. वर्षभर आमच्या घरात ती चहा काळा पीत होती आणि मी समजत होते की तिला तसाच आवडतो.

मी काकूकडे जाऊन डोक्याला हात लावून बसले. अंडं नाही, दूध नाही, लोणी नाही, मग केकला धरून ठेवणार कोण? काकूनं कपाट उघडलं आणि एक पुडी माझ्या पुढ्यात टाकली. पांढरे, कुरकुरीत, वजन नसलेले धागे. चायना ग्रास. फालुद्यात घालतात ते. मी विचारलं, हे गवत आहे का? काकू म्हणाली, छे, हे समुद्रातलं शेवाळ. आमच्याकडच्या बायका खडकांवरून तोडून आणतात, मग ते उकळतात, गाळतात, गोठवून वाळवतात.

समुद्रातलं शेवाळ. आमच्याकडे तलावाला शेवाळ आलं की बायका त्या घाटावर धुणंसुद्धा धूत नाहीत, आणि ही म्हणते केकमध्ये घाल. मी धागा चावून पाहिला. चव नाही, वास नाही, काहीच नाही. पाण्यात उकळला तर विरघळून गायब झाला. मी म्हटलं, काकू, ये तो गया. काकू म्हणाली, रुको.

आणि आमच्या त्या उन्हाळ्यात, भिंतीला हात लावला तर चटका बसायचा अशा दुपारी, ओट्यावर ठेवलेलं ते पाणी गोठलं. बर्फ नाही, फ्रीज नाही, कुणी फुंकरसुद्धा घातली नाही. पातेलं घेऊन मी कॉलनीभर धावले ती हीच दुपार.

पण जेली वेगळी आणि केक वेगळा. पहिला केक मी गुळाचा केला. मैदा, गूळ, गोडं तेल, खायचा सोडा, सोडा फुलावा म्हणून लिंबू, आणि उकळलेलं शेवाळाचं पाणी. लिंबू मी त्या पाण्यातच पिळून उकळलं, तर ते गोठायचं नावच घेईना. केक काय, लापशी झाली. बाबांनी ती वाटीत घेऊन चमच्यानं खाल्ली आणि चांगली आहे म्हणाले. मला इतका राग आला की मी त्यांच्या हातातून वाटी काढून घेतली. पुढच्या वेळी लिंबू वेगळं ठेवून शेवटी घातलं. या वेळी केक फुगला. काचेतून मी पाहिलं, चांगला टोपीसारखा वर आला. काढला, सुरी घातली, आणि अख्खा केक माझ्या डोळ्यांदेखत ढासळला. मी सुरी फेकली, ओव्हनला दोन शिव्या हासडल्या आणि तणतणत नळावर पाणी भरायला निघून गेले. परत आले तोवर केक निवला होता. मैत्रीण त्याच्यापुढे उभी राहून मला हाक मारत होती. ढासळलेला तुकडा तिनं बोटानं उचलला, तर तो अखंड उचलला गेला. मऊ, दमट, न फुटणारा.

काकूनं बजावलं होतं तेच खरं. रुको. गरम असेपर्यंत हे शेवाळ कुणालाच धरत नाही, निवलं की घट्ट धरतं. आम्ही दोघी एकमेकींना मिठी मारून उड्या मारायला लागलो. मग वरचा थर सुचला. नारळाचं दूध काढायचं, त्यात तेच पाणी मिसळायचं, केकवर ओतायचं, वर चारोळ्या. पांढरा शुभ्र थरथरता थर, बिनदुधाचा. ते दिसायला इतकं देखणं झालं की बाबांनी कापायला मनाई केली आणि शेजाऱ्यांना बोलावून आणलं.

आता मी इथं थांबायला हवं होतं. पण माझा स्वभाव थांबण्यातला नाही. माय येणार त्या सकाळी बाजारात मला एक बाई टोपली घेऊन बसलेली दिसली. टोपलीत मोहाची फुलं, नुकती वेचलेली, फिकट पिवळी, रसानं टच्च भरलेली. माझ्या डोक्यात वीज चमकली. गूळ कशाला? मायसाठी केक करायचा तर मोहाच्या पाकाचा. तिच्याच रानातली गोडी. मैत्रीण दवाखान्यात होती, तिथून परस्पर मायला घ्यायला स्टँडवर जाणार होती. दोघींनाही चकित करू. मी सगळी टोपली घेतली.

फुलं उकळायला लागली तसा वास क्वार्टरच्या पार टोकापर्यंत गेला. ज्याला मोहाचा वास माहीत आहे त्याला सांगायला नको. शिफ्टवरून येणारी माणसं आमच्या दाराशी घुटमळायला लागली. एकानं बाबांना बाजूला घेऊन अतिशय सभ्यपणे विचारलं, भाऊ, भट्टी कधीपासून लावली? जन्मात थेंब न घेतलेले माझे बाबा, दारूबंदीवर वस्तीत भाषणं देणारे, लालबुंद होऊन घरात आले. मी त्यांच्या तोंडात चमचाभर पाक घातला. त्यांनी चमचा चाटून पुसून परत दिला. मग बाहेर जाऊन त्या माणसाला म्हणाले, केक होऊन राह्यला, केक. कुणाचाही विश्वास बसला नाही.

केक झाला. काळसर तपकिरी, वर नारळाचा पांढरा थर. माझ्या हातून त्याआधी आणि त्यानंतर इतकं सुंदर काही झालेलं नाही.

दुपारी दोघी आल्या. माय लहानखुरी, काटक, पाठीला गाठोडं, कपाळावर गोंदण. मी तिला मावशी म्हटलं. तिनं माझ्या गालाला हात लावला. पाणी झालं, हातपाय धुणं झालं, आणि मी केक आणून तिच्यापुढे ठेवला. बिनदुधाचा आहे, बिनअंड्याचा आहे, मी घाईघाईनं सांगितलं. मैत्रिणीनं तिच्या भाषेत सांगितलं. मायच्या चेहऱ्यावर हसू आलं. तिनं तुकडा उचलला, नाकाजवळ नेला, आणि थांबली. मुलीला काहीतरी विचारलं. मैत्रिणीचा चेहरा उतरला.

"हा यंदाचा मोह हाय काय?" तिनं मला विचारलं.

मी अभिमानानं म्हटलं, मग काय, ताजा, आजच सकाळी बाजारात आलेला.

मायनं तुकडा परत ठेवला. अगदी हळू, जपून, पण ठेवला.

मग मला कळलं ते असं. त्यांच्या गावात रानातलं नवं काहीही, मोह असो, आंबा असो, पंडुम झाल्याशिवाय तोंडात घालत नाहीत. पंडुम म्हणजे त्या नव्या अन्नाचा सण. रानाला, पूर्वजांना आधी द्यायचं, मग आपण खायचं. वेचायचं, वाळवायचं, पण खायचं नाही. यंदा गावचा पुजारी आजारी, म्हणून मोहाचा पंडुम राहिला होता. सगळं गाव थांबलेलं होतं. आणि मी तिच्यापुढे यंदाचा मोह ताटात घालून ठेवला होता, वर चारोळ्या लावून.

माझं डोकं सणकलं. कुणावर ते मलाच कळेना. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आदळली, रडलेसुद्धा. गूळ घातला असता तर काय बिघडलं असतं? बाहेर माय मुलीला सकाळच्या गाडीचं विचारत होती; तिच्या माडिया बोलण्यातले एसटी, स्टँड हे शब्द तेवढे मला भिंतीआडून कळत होते. मैत्रीण हं हं करत होती. तिचा तो बारीक आवाज ऐकला आणि माझं रडं बंद झालं. मी बाहेर येऊन विचारलं, मागच्या वर्षीचा मोह चालतो का?

मैत्रिणीनं विचारलं. मायनं माझ्याकडे पाहिलं, डोळे पुसलेल्या माझ्या तोंडाकडे, आणि गाठोडं सोडलं. आत पळसाच्या पानांच्या पत्रावळी होत्या, आणि फडक्यात बांधलेला वाळका मोह, मनुकांसारखा आक्रसलेला. मागच्या वर्षीचा. त्याचा पंडुम होऊन गेलेला. वाटेत खायला आणला होता.

मग जी काही धावपळ झाली. फुलं भिजत घातली, नारळ फोडला, मैत्रीण खवायला बसली. माय स्वतःहून पुढे सरकली आणि फुलांतले केसर काढायला लागली. काकूला हाक मारली, ती उरलेलं चायना ग्रास घेऊन आली. आणि पीठ कालवून होतं न होतं तोच वीज गेली. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज गेली की ती कधी येईल हे विचारायचंसुद्धा नसतं. ओव्हनची काच काळीठिक्कर. मी मटकन खाली बसले. बाबा म्हणाले, कोळशाच्या खाणीत राहतो आपण, आणि तू विजेसाठी रडून राह्यली? त्यांनी अंगणात शेगडी पेटवली, मोठ्या पातेल्यात रेती घातली, ती तापवली, आत डबा बसवला, झाकणावर निखारे ठेवले. आता काच नव्हती, आत काय चाललंय ते दिसत नव्हतं. आम्ही सगळे त्या झाकणाकडे बघत बसलो.

मायनं तेवढ्यात पुडीतला एक धागा उचलला. बोटांत फिरवला, ताणला, वास घेतला, आणि विचारलं, हे काय? मग सुरू झाली उलटसुलट वाहतूक. काकू हिंदीत सांगणार, मी ते मराठीत मैत्रिणीला, मैत्रीण माडियात मायला, आणि मायचा प्रश्न त्याच वाटेनं परत. हे समुद्रातलं. समुद्रात उगवतं? हो, खडकांवर. पेरतात? नाही, कुणी पेरत नाही, आपोआप येतं. मग आणतं कोण? बायका, काकू म्हणाली. कमरेला पिशवी बांधून पाण्यात बुडी मारतात, हातानं तोडतात, पिशवी भरली की वर येतात. तिची आत्या जायची. आणखीही असतं तिथं, शिंपल्या, खेकडे, पाणी ओसरलं की पोरंसुद्धा वेचतात.

माय पुढे सरकून बसली होती. तिनं जरा विचार करून विचारलं, तिथं फॉरेस्ट गार्ड असतो काय? काकूला आधी कळेना. कळलं तेव्हा ती म्हणाली, समुद्राला कुठला गार्ड, कोणी अडवत नाही. हे उत्तर तीन भाषा ओलांडून पोचलं आणि माय खदखदून हसली. आल्यापासून पहिल्यांदा. मग तिनं तो धागा परत पुडीत ठेवला नाही, मुठीत धरून बसली.

केक उतरवला. मी हात लावायला गेले तर मैत्रीण आणि काकू एकदमच ओरडल्या, रुको. निवेपर्यंत आम्ही सगळे हात बांधून बसलो. नारळाचा थर ओतला, तोही धरला. उन्हं उतरली होती. मी कापायला सुरी घेतली, तशी मायनं हात वर करून थांबवलं.

आता काय?

मोह ठीक, तो जुना, असं तिनं सांगितलं. पण हे समुद्राचं तिच्या घरात कुणी कधी खाल्लं नव्हतं. तिच्यासाठी ते नवंच. त्याचा पंडुम झालेला नव्हता.

समुद्राचा पंडुम कोण करणार, कुठला पुजारी? मी मैत्रिणीकडे पाहिलं, तिनं मान खाली घातली होती. मी म्हटलं, संपलं. हरले मी. एवढ्यात मायनं बाबांना विचारलं, भाऊ, अंगणातली एवढी जागा घेऊ काय?

मला भीती वाटली ती बाबांची. बाबा लहान होते तेव्हाच आमच्या घरानं धम्म स्वीकारला, सगळे देव सोडले. बाबा या बाबतीत एकदम कडक, आमच्या दारात कुणी अंगाऱ्याची पुडी घेऊन आलं तरी परत पाठवायचे. त्यांनी क्षणभर मायकडे पाहिलं. म्हणाले, "घ्या ना, बाई. अन्नाले मान देऊन राह्यल्या तुमी, त्यात मी कोण?" आणि स्वतः झाडू घेऊन कडुनिंबाखालची जागा झाडून दिली.

मायनं पळसाचं पान मांडलं. केकचा एक तुकडा, पांढऱ्या थरासकट, त्यावर ठेवला. मुठीतला तो धागा शेजारी ठेवला. मग विचारलं, समुद्र कुठल्या बाजूला?

बाबांनी पश्चिमेकडे हात केला, मुंबई तिकडे. काकूनं त्याच वेळी दक्षिणेकडे, थोडा पूर्वेला, हात केला. तिचा समुद्र तिकडे. दोघं वाद घालायला लागले. बाबा म्हणाले, पोरगी जाणार मुंबईला. काकू म्हणाली, शेवाळ आलं माझ्या गावाहून. माय दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली, मग तिनं शांतपणे आणखी एक पान काढलं, दुसरा तुकडा त्यावर ठेवला, आणि एक पान एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला वळवलं.

ती बोलायला लागली. हळू, कुणाशी तरी घरगुती बोलावं तसं. मला एक अक्षर कळत नव्हतं. मधेच मैत्रिणीच्या तोंडातून हुंदका फुटला. ती तोंडावर ओढणी धरून ढसाढसा रडायला लागली. मी तिचा दंड धरून विचारलं, काय झालं, काऊन रडून राह्यली? नंतर, जरा सावरल्यावर, तिनं मला सांगितलं. माय त्या पाण्यात बुडी मारणाऱ्या बायकांना बोलावत होती. त्यांच्या आयांना, आज्यांना. म्हणत होती, तुमच्या रानातलं आम्ही आज पहिल्यांदा खातो आहोत, आधी तुम्ही घ्या. माझी पोरगी तुमच्याकडे येते आहे. तिला ओळख नाही, तिला दाखवा काय वेचायचं.

मी ते ऐकूनही लगेच समजले नाही. मीच विचारलं, मग म्हणजे काय? मैत्रीण रडता रडता हसायला लागली. म्हणजे झाला ना पंडुम, ती म्हणाली. आता समुद्राचं मला चालतं.

मायनं केकचा पहिला तुकडा स्वतः खाल्ला. चावला, थांबली, तो पांढरा थर जिभेवर फिरवला. मग दुसरा तुकडा मुलीच्या तोंडात घातला आणि तिच्या हाटातल्या मराठीत, आम्हा सगळ्यांना कळावं म्हणून, म्हणाली, "आता ते वेचून खाय. भुकी राहू नोको."

त्यानंतर आम्ही केक कसा संपवला ते विचारू नका. काकू नाचली, बाबांनी दोनदा डोळे पुसले आणि दोन्ही वेळा धुरावर ढकललं. सकाळचा यंदाच्या मोहाचा केक तसाच झाकून होता. मायसमोर तो कुणाला द्यावासा वाटेना; बाबांनी दुसऱ्या दिवशी तो शिफ्टवर नेला आणि भट्टीची चौकशी करणाऱ्या त्या माणसाला पहिला तुकडा खाऊ घातला.

सकाळच्या गाडीला माय एकटीच गेली. मैत्रिणीला आठवड्याभरात मुंबईला निघायचं होतं, ती आमच्याकडेच थांबली. उरलेला वाळका मोह मायनं तिच्या हातात दिला होता आणि कॉलनीच्या नाक्यावर गाडीत चढताना माझ्याकडे हात पुढे केला. मला वाटलं, निरोप घेते आहे. तिला चायना ग्रासची पुडी हवी होती. मी धावत घरी गेले, काकूकडे होते नव्हते तेवढे सगळे धागे आणून दिले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मैत्रीण खिडकीशी उभी राहून म्हणाली, माय, हे शिजवायचं कसं ते तरी विचारून घे. मायनं मान हलवली, पुडी गाठोड्यात अगदी वर ठेवली आणि गाठ मारली. शिजवायला नाही, ती म्हणाली. गावात लोक विचारतील पोरगी कुठं दिली. त्यांना हे दाखवीन, म्हणीन, हे तिच्या तिकडचं रान.